घर नवं, गल्ली १७२७ची

जुनं घर विकत घेणारा माणूस सहसा फसत नाही. पोपडे डोळ्यांना दिसतात, झिजलेली पायरी पायाला कळते, न्हाणीतली ओल नाकाला कळते. स्वतःच्या सगळ्या खोडी जुनं घर दारातच सांगून टाकतं. नवं घर मात्र तोंडाला पुट्टी लावून गप्प उभं राहतं आणि त्याच्या वतीने दलाल बोलतो. त्यातून ते नवं घर जुन्या वस्तीत असेल, तर दलाल जरा जास्तच बोलतो. कारण त्याला एका दमात दोन उलट गोष्टी विकायच्या असतात : वस्ती जुनी आहे म्हणून किंमत जास्त, आणि घर नवं आहे म्हणून आणखी जास्त.

मी जयपुरात बरीच वर्षं नोकरीला आहे. नात्यातलं कुणीही इकडे आलं की हवामहल, आमेर आणि रजयांची खरेदी ही खाती माझ्याकडे असतात. यंदा त्यात घरखरेदीची भर पडली. माझी भाची कुंदन-मीनाकामाच्या दागिन्यांचं डिझाइन करते. तिचे कारागीर सगळे परकोट्यात, म्हणजे तटाच्या आतल्या मूळ शहरात. ती राहते जगतपुऱ्यात. रोजचा अर्धा जीव रस्त्यात जातो. तेव्हा परकोट्यातच घर घ्यावं, असं तिच्या मनात आलं आणि एक जाहिरात तिच्या हाती लागली : 'पुरानी बस्ती में बिल्कुल नया फ्लैट! हेरिटेज लोकेशन, मॉडर्न लाइफ!' पुरानी बस्ती हे परकोट्यातल्या एका चौकडीचं, म्हणजे विभागाचं, अधिकृत नाव आहे, त्यामुळे जाहिरातीला हसायची सोय नव्हती.

घर पारखायला नाशिकहून ताई आणि भाऊजी आले. भाऊजी सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून त्यांनी एकही भिंत ठोकल्याशिवाय सोडलेली नाही. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी चहा येईपर्यंत यजमानांच्या खांबावर बोटांनी टकटक करून कान लावतात. या मोहिमेसाठी त्यांनी सोबत पाणसळ, ओळंबा, मोजपट्टी, होकायंत्र, एक काचेची गोटी आणि दहाचं नाणं आणलं होतं. ताईंनी फक्त स्वतःला आणलं होतं, आणि पुढे तेच उपयोगी पडलं.

मराठी माणसाचं या शहराशी नातं जुनं आहे. ते कुठून सांगायला सुरुवात करायची एवढाच प्रश्न असतो. चांगल्या बाजूने सुरू करायचं तर जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंहांचे गुरू रत्नाकर पुंडरीक हे मराठी. पुरानी बस्तीच्या शेजारच्या ब्रह्मपुरीत पुंडरीकांची हवेली आजही आहे आणि तिथल्या एका खोलीतल्या भित्तिचित्रांमुळे पुरातत्त्व खात्याने ती संरक्षित केलेली आहे. दुसरी बाजू अशी, की पुढे होळकर-शिंद्यांच्या फौजा खंडणीसाठी वरचेवर इथे येऊ लागल्या. मल्हारराव चालून येताहेत या बातमीने डिसेंबर १७५० मध्ये सवाई ईश्वरीसिंहांनी विष घेतलं. पुढच्याच महिन्यात, शहर बघायला म्हणून तटाच्या आत आलेल्या मराठ्यांवर जयपूरकर तुटून पडले, दरवाजे लावून घेतले आणि मोठी कत्तल केली. शहर बघायला येणं मराठी माणसाला इथे एकदा फार महागात पडलेलं आहे. त्या मानाने घर बघायला येणं स्वस्तच. दलालाने दोन टक्के सांगितले तेव्हा भाऊजी उसळले. मी म्हटलं, "गप्प बसा. आपण चौथाई मागत होतो."

दलाल गल्लीच्या तोंडाशीच भेटला. "पधारो सा!" त्याच्या जगात सगळ्या गोष्टी पाच मिनिटांवर होत्या. छोटी चौपड मेट्रो पाँच मिनट, बाजार पाँच मिनट, अस्पताल पाँच मिनट, रेल्वे स्टेशन भी समझो पाँच मिनट. यातली मेट्रो खरी आहे. सप्टेंबर २०२० पासून ती चांदपोलच्या पुढे जमिनीखालून छोट्या आणि बड्या चौपडीपर्यंत येते. पण मेट्रोतून वर आल्यावर पुढची पाच मिनिटं कचोरीवाला, उलट्या दिशेने येणारी बारात आणि रस्त्याच्या मधोमध विचारात पडलेली गाय यांच्याशी ठरवून घ्यावी लागतात.

जयपूरचे रस्ते मोठ्या हिशेबाने आखलेले आहेत. मुख्य रस्ते शंभर फुटांहून रुंद, आतले त्यांच्या निम्मे, त्यांच्या आतले निम्म्याचे निम्मे, आणि गल्ल्या त्याच्याही निम्म्या. शहर आखणाऱ्या विद्याधर भट्टाचार्यांनी इथे हात आखडता घेतला. शेवटचं निम्मं रहिवाशांनी स्वखर्चाने केलं : ओटे, स्कूटर, कूलरचे स्टँड, भाजीचा गाडा. उरलेल्या जागेतून आम्ही एकामागे एक चालत होतो. भाऊजींनी विचारलं, "गाडी कहाँ लगाएँगे?" दलाल म्हणाला, "रामनिवास बाग में अंडरग्राउंड पार्किंग है सर." रामनिवास बाग तटाच्या बाहेर, दक्षिणेला. आम्ही उत्तरेकडच्या अंगाला उभे होतो. किती लांब, हे कुणी विचारलं नाही; उत्तर सगळ्यांना पाठ झालं होतं.

घर समोरून देखणं होतं. गुलाबी रंग, कमानी, कंगोरे, झरोके. दलाल अभिमानाने म्हणाला, "एलिवेशन देखो सर!" १८७६ मध्ये वेल्सचे युवराज येणार म्हणून सवाई रामसिंहांनी शहराला गुलाबी रंग लावून घेतला. पाहुणा यायचा म्हटलं की समोरची भिंत रंगवायची, ही प्रथा तेव्हापासूनची. बिल्डर ती गिऱ्हाइकासाठी पाळतात. आणि एलिव्हेशनचा आदर्श तर परकोट्यातच उभा आहे. १७९९ मध्ये बांधलेल्या हवामहलाला ९५३ खिडक्या आहेत, पण वरचे मजले जेमतेम एका खोलीइतके खोल, आणि रस्त्याच्या बाजूने आत जायला दारच नाही. सवाई प्रतापसिंहांनी तो निदान राहण्यासाठी बांधला नव्हता. इथे मात्र तिसऱ्या झरोक्याच्या मागे भाचीचा पलंग बसवायचा होता.

आत पाऊल टाकताच दलालाने फरशीकडे बोट दाखवलं, "इटालियन!" ज्या राज्यात मकराणा आहे, जिथला संगमरवर ताजमहालाला आणि कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलला पुरला, त्या राज्याच्या राजधानीत फरशी इटलीची असल्याचं कौतुक ऐकायचं होतं. भाऊजी खाली बसले, नाण्याने फरशी वाजवू लागले. "ही मोरबीची इटालियन आहे," ते माझ्या कानात म्हणाले, "आणि खाली पोकळ आहे." मग त्यांनी दिवाणखान्यात गोटी ठेवली. कुणी हात न लावता ती हळूहळू निघाली, जेवणाच्या जागेला वळसा घालून थेट स्वयंपाकघरात गेली आणि सिंकखाली जाऊन थांबली. दलाल क्षणभरही डगमगला नाही. "बहुत शुभ है सर. लक्ष्मी किचन की तरफ जा रही है."

लिफ्ट होती का? लिफ्टची 'प्रोविजन' होती. प्रोविजनमध्ये एक सायकल, दोन कूलर आणि मांडवाचे बांबू राहत होते.

मग दिशा. दलालाने मोबाइलवरचं होकायंत्र उघडलं आणि फ्लॅट पूर्वमुखी असल्याचं जाहीर केलं. भाऊजींनी आपलं पितळी होकायंत्र काढलं. सुई पूर्वेपासून पंधराएक अंश बाजूला. दलालाने मोबाइल झटकला, पुन्हा धरला. त्यानेही आता पंधरा दाखवले. घराकडे यात दोष नव्हता. अख्खा परकोटाच मूळ दिशांपासून सुमारे १५ अंश कललेला आहे. सूरजपोल ते चांदपोल हा मुख्य रस्ता उंचवट्याच्या कण्यावरून नेलाय, म्हणजे पावसाचं पाणी दोन्ही अंगांना वाहून जावं. देशभरचे वास्तुपंडित ज्या शहराचा दाखला देतात, त्या शहरात काटेकोर पूर्वमुखी घर मिळणं कठीण. आणि आखणाऱ्यांना पूर्व सापडली नसेल, असंही म्हणता येत नाही. जयसिंहांच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे मराठी पंडित होते, ज्यांनी युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली. आणि थोड्याच अंतरावरच्या जंतरमंतरमधलं सम्राट यंत्र सावलीवरून दोन सेकंदांपर्यंतची वेळ सांगतं. पूर्व कुठे आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पाणी कुठे जाईल, हे त्यांनी त्याहून महत्त्वाचं मानलं. भाऊजी इतके खूश झाले, की विद्याधर भट्टाचार्यांना खात्यात घेतलं असतं तर काय काय झालं असतं, यावर ते बराच वेळ बोलले.

क्षेत्रफळाकडे वळल्यावर खुशी ओसरली. जयपुरात जमीन गजात मोजतात. एक गज म्हणजे नऊ चौरस फूट, आणि १२१ गजांचा आपला एक गुंठा. प्लॉट ८० गजांचा, म्हणजे ७२० चौरस फूट. त्यावरचा एका मजल्याचा फ्लॅट ९०० चौरस फूट. जमिनीपेक्षा घर मोठं कसं, असं ताईंनी साधं विचारलं. "सुपर बिल्ट-अप है मैडम." त्यात जिना, बाल्कनी, बाल्कनीचा गल्लीवर पुढे आलेला भाग आणि लिफ्टची प्रोविजन, म्हणजे शेजाऱ्यांची सायकलसुद्धा, मोजलेली होती. भाऊजींच्या मोजपट्टीत चालण्याजोगी जागा ५४० भरली. "रेरा में रजिस्टर है?" त्यांनी विचारलं. "रेरा बड़ी बिल्डिंगों के लिए होता है सर." दिवसभरात दलालाने सांगितलेलं हे दुसरं खरं वाक्य. पाचशे चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असतील, तर रेराच्या नोंदणीतून सूट आहे. चटईक्षेत्र सांगायला बिल्डरला भाग पाडणारा कायदा जुन्या गल्लीच्या तोंडापर्यंत येतो आणि गाडी लावायला जागा नाही म्हणून परत जातो.

मे महिना होता. पश्चिमेच्या शयनगृहात भिंतभर काच आणि काचेवर चिकटवलेली एमडीएफची जाळी. जाळी वारा आत यावा म्हणून करतात. ही काचेवर असल्यामुळे वाऱ्याने तिच्याकडे बाहेरूनच बघायचं. दुपारचे चार वाजले होते. जयपूरचा सूर्य घड्याळाच्या सत्तावीसएक मिनिटं मागे चालतो, त्यामुळे चारच्या उन्हात साडेतीनची धग होती. ताईंनी भिंतीला हात लावला आणि काढून घेतला. नऊ इंची वीट, त्यावर सिमेंटचा गिलावा. इथले जुने लोक भिंत हाताच्या मापाने जाड करत, चुन्यात संगमरवराची भुकटी, दही, गूळ घालून 'आराइश'चा गिलावा देत आणि तो दगडाने घोटून घोटून आरशासारखा करत. मधे चौक, वर दगडी पट्ट्यांचं छत. वीज नसताना उन्हाळा काढायची ती यंत्रणा होती. नव्या घरात तिच्या जागी चार एसी बसवायची सोय होती. एसी गिऱ्हाइकाने आणायचे.

"पानी?" ताईंनी विचारलं. "चौबीस घंटे!" दलाल म्हणाला. भाचीने नळ सोडला. नळ खोकला. पाण्याबाबत जयपूरकर चोवीस तासांची भाषा करत नाहीत, ते नळाची वेळ सांगतात. शहराला पाणी देणारं रामगढ धरण एवढं मोठं होतं, की १९८२च्या आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या शर्यती तिथे झाल्या. नंतर ते कोरडं पडलं आणि आता पाणी टोंक जिल्ह्यातल्या बनास नदीवरच्या बीसलपूर धरणातून, शंभराहून जास्त किलोमीटर चालून येतं. एवढ्या लांबून आलेल्या पाण्याने दुसऱ्या मजल्यावर आपणहून चढावं, अशी अपेक्षा करणं माणुसकीला धरून नाही.

एव्हाना ताई दिसेनाशा झाल्या होत्या. बाल्कनीतून पाहिलं तर त्या समोरच्या ओट्यावर, ऐंशीच्या पुढच्या एका अम्मांशेजारी बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात चहाचा ग्लास होता. आम्ही खाली उतरलो. घर बघायला आपण गेलेलो असतो, पण जुन्या वस्तीत बघण्याचा कार्यक्रम दोन्ही बाजूंनी असतो. अम्मांनी आमची चौकशी पूर्ण केली : कुठले, कोण, जेवणात कांदा-लसूण चालतो का, मुलीचं लग्न झालंय का, नसेल तर का नाही. भाची दागिन्यांचं काम करते म्हटल्यावर कारागिराचं नाव विचारलं, त्याच्या आजोबांचा स्वभाव सांगितला. आम्ही उत्तीर्ण झालो असावं, कारण दुसरा चहा आला. त्याच्याबरोबर आला तो त्या इमारतीचा अहवाल. भाऊजींच्या खात्यात असा अहवाल तयार व्हायला तीन विभाग आणि दोन वर्षं लागली असती.

"ये तो हवेली थी," अम्मा म्हणाल्या. "आगे नीम था, पीछे कुआँ."

"कुआँ कहाँ?" भाऊजी ताठ झाले.

"जहाँ इनका किचन है. मलबा डाल के भर दिया, उसी पे खड़ी कर दी."

भाऊजींनी खिशातल्या गोटीवरून हात फिरवला. लक्ष्मी स्वयंपाकघराकडे का निघाली होती, ते समजलं. विहीर बुजवून त्यावर पाया घेतला की भराव बसत जातो, आणि घर आपल्या नकळत जुन्या पाण्याच्या दिशेने वाकतं.

"और बेचा किसने?" ताईंनी चहाचा घोट घेत विचारलं.

"पाँच भाइयों ने."

"पाँच ही थे?"

"छह थे. एक अहमदाबाद में है. उससे किसी ने पूछा ही नहीं."

दलालाला त्याच क्षणी एक महत्त्वाचा फोन आला. जुन्या वस्तीत कागद बघताना वकील खरेदीखत, पट्टा, मंजूर नकाशा, बोजा सगळं बघतो; कागदावर पाचच सह्या असतील तर पाचच मोजतो. सहावा भाऊ कागदावर नसतो, तो ओट्यावरच्या माणसांच्या आठवणीत असतो, आणि वास्तुशांतीच्या आठवड्यात अहमदाबादहून येतो. नव्या वसाहतीत हा धोका वेगळा असतो. तिथे जमीन काल-परवापर्यंत शेत होती, तेव्हा जेडीएचा, म्हणजे जयपूर विकास प्राधिकरणाचा, पट्टा आहे की नुसता सोसायटीचा, एवढं विचारलं तरी निम्मं काम होतं. इथे तीनशे वर्षांच्या वाटण्या विचाराव्या लागतात, आणि त्या तोंडी असतात.

भाचीचा जीव मात्र अजून झरोक्यात अडकला होता. "मामा, तरीपण लोकेशन बघ ना," ती म्हणाली. "कारागीर दोन गल्ल्या पलीकडे!" अम्मांना मराठी येत नव्हतं, पण 'लोकेशन' कळलं असावं.

"छत किसकी है?" त्यांनी विचारलं.

दलाल फोन संपवून आला होता. छत तिसऱ्या मजल्याबरोबर विकली गेली होती. दुसऱ्या मजल्याला छताचा हक्क नव्हता. "छत का क्या करना है मैडम? ऊपर तो बंदर आते हैं." हेही खरं. परकोट्यातली माकडं टाक्यांची झाकणं उघडून पाणी पितात, वाळत घातलेल्या कपड्यांतून निवड करतात. म्हणून अर्ध्या गच्च्यांना लोखंडी पिंजरे आहेत, आणि संध्याकाळी माणसं पिंजऱ्यात बसून मोकळ्या माकडांकडे बघत असतात.

पण अम्मांच्या चेहऱ्यावर सहाव्या भावाबद्दल बोलतानासुद्धा नव्हती एवढी कीव उमटली. "छत नहीं है? तो संक्रांत को क्या करोगी बेटा? नीचे बैठ के सुनोगी?"

चौदा जानेवारीला जयपूर घरात नसतं. अख्खं शहर गच्चीवर असतं : पतंग, मांजा, लाउडस्पीकर, तिळाचे लाडू, आणि दिवस मावळेपर्यंत 'वो काटा!'चा गजर. वर्षभर ज्याचं तोंड बघितलं नाही त्या शेजाऱ्याचा पतंग कापायचा आणि त्याच्याच गच्चीवर फीणी खायला जायचं. त्या दिवशी ज्याला छत नाही, तो जयपुरात राहतो असं म्हणता येत नाही. त्याचा फक्त पत्ता जयपूरचा. भाची या शहरात बरीच वर्षं राहिलेली. तिने झरोक्याकडे एकदा वर पाहिलं आणि दलालाला म्हणाली, "भैया, नहीं जमेगा." पोकळ फरशी, गोटी, मेची भिंत, अहमदाबादचा भाऊ यांपैकी कशानेही न झालेलं काम एका वाक्यात झालं.

परतीच्या वाटेवर भाऊजींनी सगळ्या मोहिमेचं सार काढलं. जुन्या वस्तीतलं नवं घर बघायला गेलं की घर शेवटी बघावं. आधी जुलैत एकदा गल्ली बघावी, पाणी कुणाच्या उंबऱ्यात शिरतं ते कळतं. नळाच्या वेळेला जावं. रात्री एकदा जावं. सामाईक भिंत कुणाची ते विचारावं. घर पाडण्याआधी तिथे काय होतं ते विचारावं, आणि ते विकणाऱ्याला विचारू नये. "आणि," ताई म्हणाल्या, "आधी समोर जाऊन चहा प्यावा. तुमची पाणसळ नंतर."

दलाल मात्र हरणारा नव्हता. आम्ही ओट्यावरून उठत असतानाच त्याने शेवटचा डाव टाकला होता. अम्मांच्या जाड भिंतीकडे, दगडी पट्ट्यांकडे, वरच्या प्रशस्त गच्चीकडे हात करून तो म्हणाला होता, "तो फिर ये मकान देखो सर! असली हेरिटेज. अम्मा से बात मैं कर लूँगा."

अम्मा तिथेच बसलेल्या होत्या. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"बिकाऊ नहीं है," त्या म्हणाल्या. "पर भाव पूछते रहा करो. अच्छा लगता है."